भरगच्च दिवसाचा पूर्वपक्ष

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावले की भिंतीला डकवलेले वेळापत्रक दिसते. पहाटे पाच ते रात्री अकरा, प्रत्येक तासाला विषय नेमलेला, जेवणाला वीस मिनिटे, आणि चहा असलाच तर तो चालू घडामोडींबरोबर. हिंजवडीतल्या एखाद्या व्यवस्थापकाचे मोबाइलमधले कॅलेंडर उघडले तर रंगीत पट्ट्या दिसतात, एकीला चिकटून दुसरी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. दोघांच्या मागे समजूत एकच. वेळ मोजका आहे, रिकामे गेलेले मिनिट म्हणजे बुडालेले मिनिट, तेव्हा दिवस जितका भरलेला तितका माणूस कामाचा. या समजुतीवर पुस्तके खपतात, कार्यशाळा भरतात, आणि संध्याकाळी अर्धी यादी शिल्लक राहिली की माणसे स्वतःला आळशी ठरवून झोपतात.

मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. गच्च भरलेल्या दिवसातच कामे सर्वांत जास्त रखडतात आणि मोकळा राखलेला वेळ हा कामाचाच भाग असतो, हे मी येथे मांडणार आहे.

पण शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो ज्याचा आहे त्यालाही मान्य व्हावा इतक्या ताकदीने मांडायचा. तसा तो मांडू.

पूर्वपक्षी म्हणतो: दिवसाचे तास चोवीसच. जे काम तासाला बांधलेले नाही ते होत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. 'सवडीने करू' म्हटलेले पुस्तक वर्षानुवर्षे टेबलावर पडून राहते. कॅल न्यूपोर्ट यांच्या २०१६ सालच्या 'डीप वर्क' या पुस्तकात दिवसातले प्रत्येक मिनिट आखून ठेवा असा सल्ला आहे, आणि न्यूपोर्ट हे स्वतः संगणकशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे नुसते उपदेशक नव्हेत. शिवाय मोकळा वेळ ठेवला तर हातातले काम फुगून तोही खाते, हे पार्किन्सनने सांगूनच ठेवले आहे. आणि थोरांची उदाहरणे पाहा. बेंजामिन फ्रँकलिनने दिवसाचा तक्ता करून ठेवला होता. फ्रेडरिक टेलरने सेकंदाच्या घड्याळाने मजुरांचे काम मोजून उत्पादन जवळजवळ चौपट केले. मुंबईचे डबेवाले सेकंदांच्या हिशेबावर चालतात. पांडुरंग वामन काणे यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली करता करता 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे पाच खंड लिहिले. मिनिटामिनिटाचा वसूल घेतल्याशिवाय हे जमते काय?

पक्ष बळकट आहे. त्यातले पहिले विधान मला पूर्ण मान्यही आहे: महत्त्वाच्या कामाला दिवसात जागा नेमून द्यावीच लागते. पण काही कामांना जागा नेमणे वेगळे आणि सगळी जागा कामांनी भरणे वेगळे. पूर्वपक्षी पहिले सिद्ध करतो आणि दुसरे खिशात घालतो. त्याच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेतली की हे उघडे पडते.

फ्रँकलिनपासून सुरुवात करू, कारण त्याचा तक्ता आजही भिंतींवर लावायला छापून विकला जातो. पहाटे पाचला उठणे, आठ ते बारा काम, बारा ते दोन वाचन, हिशेब आणि जेवण, दोन ते सहा काम, मग वस्तू जागच्या जागी ठेवणे, रात्रीचे जेवण, संगीत, गप्पा, दहाला झोप. पाहिले तर यात काम आठ तासांचे, दुपारी दोन तासांची ऐसपैस सुट्टी आणि संध्याकाळचे चार तास जवळजवळ मोकळे. सदाशिव पेठेतल्या वेळापत्रकाशी याचे नाते फक्त पहाटे पाचपुरते. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच आत्मचरित्रात, त्याच तक्त्याच्या लगत आहे, आणि ती कोणी भिंतीवर लावत नाही. आपण अंगी बाणवायला घेतलेल्या तेरा गुणांपैकी या व्यवस्थितपणानेच आपल्याला सर्वांत जास्त छळले, असे फ्रँकलिन लिहितो. कारणही देतो. ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे अशा पगारी कामगाराला असा तक्ता पाळता येईल. छापखान्याच्या मालकाला तो तंतोतंत पाळता येणे शक्य नाही, कारण त्याला चार लोकांत वावरावे लागते आणि माणसे त्यांच्या सोयीने भेटायला येतात. वर एक गोष्टही सांगतो: कुऱ्हाडीचे सगळे पाते धारेइतके लखलखीत करून मागणारा एक माणूस लोहाराचे चाक फिरवून फिरवून दमला आणि शेवटी म्हणाला, राहू द्या, मला ठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते. तक्त्याच्या जनकाने तक्त्याची मर्यादा इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितली आहे. पूर्वपक्षाने आपल्याच साक्षीदाराचा जबाब अर्धा वाचलेला दिसतो.

टेलरचा जबाब तर याहून अडचणीचा आहे. १९११ साली निघालेल्या त्याच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट'मध्ये बेथलेहेम स्टील कंपनीतल्या मजुरांची हकीकत आहे. बिडाचे ठोकळे उचलून, फळीवरून चालत जाऊन रेल्वेच्या डब्यात टाकायचे. एकेक ठोकळा ९२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४२ किलोंचा. माणशी दिवसाला साडेबारा टन माल चढत असे, तो टेलरच्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो कसा गाठला हेही टेलरने लिहिले आहे: एवढ्या वजनाचे काम असेल तर उत्तम प्रतीचा मजूरही दिवसाच्या ४३ टक्के वेळच ओझ्याखाली राहू शकतो, उरलेले ५७ टक्के त्याच्या अंगावर ओझे असता कामा नये. रिकाम्या हाताने परत येण्याचा वेळ त्यात धरला तरी प्रमाण बोलके आहे. घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस श्मिट नावाच्या त्या मजुराला उचल म्हणून सांगत होता तसाच आता बस म्हणूनही सांगत होता. या हकीकतीतले बरेच तपशील रंगवलेले आहेत असे रेगी आणि पेरोनी या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवले, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये हे खरे. पण तत्त्व म्हणून टेलर काय सांगत होता याबद्दल शंका नाही. मिनिटे मोजण्याचा धंदा ज्याने सुरू केला त्याने रिकाम्या मिनिटांची तरतूद आधी केली होती. त्याच्या वारसांनी घड्याळ तेवढे उचलले.

आता साक्षीदार बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येऊ. भरलेला दिवस मंदावतो तो का?

याचे उत्तर टेलिफोनच्या तारांतून आले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या गणितज्ञाने १९०९ साली एक निबंध लिहिला. लोक फोन केव्हा करतील याचा नेम नाही, किती वेळ बोलतील याचाही नाही. मग तारा किती ठेवायच्या, असा त्याच्यापुढचा प्रश्न होता. या विचारातून पुढे रांगांचे अख्खे गणित उभे राहिले. त्यातला सर्वांत साधा नमुना घ्या. एक खिडकी आहे, माणसे अनियमितपणे येतात, प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनियमित, पण सरासरी दहा मिनिटांचा. खिडकीवरचा कारकून दिवसाचा निम्मा वेळच कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. तो ८० टक्के वेळ कामात असेल, तर चाळीस मिनिटे. ९० टक्क्यांना दीड तास. ९५ टक्क्यांना तीन तास दहा मिनिटे. शंभराच्या जवळ जाल तशी रांग अमर्याद वाढत जाते. कारकून तोच, त्याचा वेगही तोच. ८० वरून ९५ वर गेल्याने खिडकीचे काम पाचव्या भागाइतकेसुद्धा वाढत नाही, प्रतीक्षा मात्र पावणेपाच पट होते.

आपला दिवस ही अशीच एक खिडकी आहे. सकाळी अकराला साहेबांचा फोन येतो, शाळेतून मुलाला ताप आल्याचा निरोप येतो, ज्या कागदावर पुढचे काम अडले आहे तो कागद येतच नाही. दिवस ९५ टक्के भरलेला असेल तर यातले काहीही बसवायला जागा नसते. एक काम सरकते, ते दुसऱ्याला ढकलते, आणि सकाळचा दहा मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत सगळे वेळापत्रक गिळतो.

मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्याला हे शिकवायला नको. बाहेरगावच्या गाडीला दादरहून मुंबईला पोचायला वेळापत्रकात जितकी मिनिटे दिलेली असतात, तितकी मुंबईहून दादरला जाताना नसतात. अंतर तेच, रूळही तिथलेच. ती वरची मिनिटे म्हणजे वाटेतला उशीर जिरवण्यासाठी ठेवलेली मोकळीक. रेल्वेच्या वेळापत्रकात रुळांच्या दुरुस्तीसाठी आणि वाहतुकीच्या खोळंब्यासाठी अशी वाढीव मिनिटे रीतसर धरलेली असतात. ज्या खात्याच्या वक्तशीरपणाला आपण नावे ठेवतो त्यालाही जे कळते, ते आपल्या रोजनिशीला कळू नये?

येथे पूर्वपक्षी हरकत घेईल. रांगेचे गणित अनियमिततेवर उभे आहे. माझे काम मला आधीपासून माहीत आहे, किती वेळ लागेल तेही माहीत आहे, मग रांग कसली? हरकतीचा पूर्वार्ध बरोबर आहे. जॉन किंगमन यांनी १९६१ साली मांडलेल्या सूत्रातही हेच आहे की चढउतार जितके कमी, तितकी प्रतीक्षा कमी. सगळेच काट्यावर चालले तर शंभर टक्के भरूनही अडत नाही. पण उत्तरार्ध, म्हणजे 'किती वेळ लागेल ते मला माहीत आहे', हा टिकत नाही. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारले, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. सगळे काही बिघडले तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे अत्यंत निराशावादी अंदाजही आशावादीच ठरला. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच या खोडीकडे लक्ष वेधले होते, आणि घर बांधून घेतलेल्या कोणत्याही मराठी माणसाला तिच्यासाठी संशोधनाचा दाखला लागू नये. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याची गोष्ट तर आणखी निराळी: त्याचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, पण परीक्षेची तारीख ठरलेली असेलच असे नाही. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर पुढे ढकलली गेली तेव्हा हीच मुले पुण्याच्या रस्त्यावर उतरली होती.

न्यूपोर्ट यांच्यावर अन्याय नको. आखणी मोडली की दिवसभरात ती पुन्हा करा, कामाचा अंदाज नसेल तर पुढे जादा जागा ठेवा, असे तेही सांगतात. पण मग 'प्रत्येक मिनिट आखा' याचा अर्थ 'प्रत्येक मिनिट भरा' असा राहत नाही. त्यांच्या वाचकांनी तो तसा घेतला आहे, आणि माझे भांडण त्या वाचनाशी आहे.

पार्किन्सनचे काय? सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये १९५५ साली तो प्रसिद्ध लेख लिहिला. मिळेल तितक्या वेळात काम फुगते, हे त्याचे पहिलेच वाक्य. आणि बहुतेकांचे वाचन तिथेच संपते. लेखाचा विषय वेगळाच आहे: सरकारी खात्यांतले अधिकारी कामाशी संबंध न ठेवता कसे वाढतात. ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या युद्धनौका १९१४ साली ६२ होत्या, त्या १९२८ साली २० उरल्या. त्याच काळात नौदल खात्याच्या कचेरीतले अधिकारी २००० वरून ३५६९ झाले. प्रत्येक अधिकाऱ्याला हाताखाली माणसे हवी असतात आणि ती माणसे एकमेकांसाठी काम तयार करतात, हा त्याचा निष्कर्ष. याचा आधार घेऊन एकट्या माणसाची दुपारची अर्ध्या तासाची मोकळीक रद्द करणे म्हणजे दाखला एका खटल्याचा आणि निकाल दुसऱ्याचा. उलट बघितले तर पार्किन्सन भरगच्च कॅलेंडरविरुद्धचाच साक्षीदार आहे. त्याच्या कचेरीतला प्रत्येक जण दिवसभर कामात गढलेला असतो. जहाजे तेवढी नसतात.

राहिले डबेवाले आणि काणे. काण्यांबद्दल थोडक्यात. नीळकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूखा'चे संपादन करताना धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रस्तावना लिहावी, असे त्यांनी योजले होते. ती वाढत वाढत १९३० ते १९६२ या बत्तीस वर्षांत पाच खंडांची, साडेसहा हजारांहून अधिक पानांची झाली. काणे रोजची मिनिटे कशी वापरत होते यावरून येथे काहीच सिद्ध करायचे नाही. एवढेच म्हणतो की प्रस्तावनेसाठी तीन आठवडे नेमून चौथ्या आठवड्यात पुढचे काम लावून ठेवणाऱ्या वेळापत्रकातून हा ग्रंथ निघाला नसता.

डबेवाल्यांकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण वक्तशीरपणावरच्या प्रत्येक भाषणात त्यांना उभे केले जाते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. करोनापूर्वी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची सुमारे पाच हजार माणसे ती चालवत होती. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टेफान थॉम्के यांनी २०१२ च्या लेखात तिचे बारकावे दिले आहेत. मोठ्या स्थानकावर डब्यांचे ट्रे गाडीत चढवायला चाळीस सेकंद, मधल्या स्थानकावर वीस. येथवर पूर्वपक्षी खूश. पण त्याच लेखात आहे की साधारण पंचवीस जणांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जादा असतात. त्यांना ठरलेला फेरा नसतो. कोणी आजारी पडला, कुठे सायकल पंक्चर झाली, पावसाने गाडी अडली, तर तिथे ती जातात. आणि ती कुठेही उपयोगी पडावीत म्हणून गटातल्या प्रत्येकाला गोळा करण्यापासून वर्गवारीपर्यंत सगळी कामे येत असतात. ज्या दिवशी काहीच बिघडत नाही त्या दिवशी, भरगच्च दिवसाच्या तत्त्वाप्रमाणे, ही माणसे वाया गेली. मुकादमाने ती काढून टाकली तर गटाची 'कार्यक्षमता' कागदावर दहा टक्क्यांनी वाढेल आणि पहिल्याच जोरदार पावसात अंधेरीचा डबा चर्चगेटला पोचणार नाही. चाळीस सेकंदांची शिस्त त्या राखीव माणसांच्या जोरावर उभी आहे.

तेव्हा मंडन असे. दिवसाच्या चार भागांपैकी तीनच भरावेत. तीनच का, साडेतीन का नाहीत, याला माझ्याकडे शास्त्र नाही. ज्याच्याकडे माणसे आणि फोन जास्त येतात त्याने दोनच भरावेत, जो खोलीचे दार लावून भाषांतर करत बसतो त्याला साडेतीनही चालतील. मोकळा भाग दिवसाच्या शेवटी ठेवून उपयोग नाही, कारण तोवर बिघाडाने सगळ्यांना ढकलून झालेले असते. दुसऱ्याच्या भरवशावर असलेल्या कामाच्या लगेच पुढे तो हवा. आणि हाती घेतलेली कामे मोजावीत. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक सरळ नियम आहे: आठवड्याला तुमच्या हातून चार कामे पुरी होत असतील आणि वीस कामे एकाच वेळी चालू असतील, तर प्रत्येकाला सरासरी पाच आठवडे लागणार. आठच चालू ठेवलीत तर दोन आठवडे. हात तेवढाच चालतो, पण वाट पाहणारी माणसे तीन आठवडे आधी मोकळी होतात. म्हणजे 'सध्या घेत नाही' असे म्हणता येणे हे कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कामाचे, आणि ते म्हणण्याची सोय सगळ्यांना नसते हेही तितकेच खरे. काहीच बिघडले नाही आणि मोकळा भाग मोकळाच राहिला, तर? तर बसावे. श्मिट बसत होता.

याच जागी माझ्या पक्षालाही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो पूर्वपक्षी विचारणार नाही म्हणून मीच विचारतो. मोकळीक लागतेच, हे मान्य. पण ती कोणाच्या खर्चाने? टेलरच्या मजुराच्या विश्रांतीचे पैसे कंपनी मोजत होती. डबेवाल्यांच्या राखीव माणसाला गटाच्या कमाईत वाटा आहे. ॲपवरून जेवण पोचवणारा मुलगा हॉटेलच्या दाराशी ऑर्डरची वाट पाहत उभा असतो तेव्हा तोही त्या व्यवस्थेचा राखीव माणूसच असतो, पण त्याला पैसे फेरीमागे मिळतात, उभे राहण्याचे नाहीत. त्याला कोणी वेळेच्या नियोजनाचे पुस्तक भेट देऊ नये.

आणि घरात? ज्याचे कॅलेंडर सकाळी नऊ ते रात्री आठ काटेकोर चालते त्याच्या घरी गॅसचा सिलिंडर कोण घेते, मुलाच्या तापाला कोण धावते, सासऱ्यांना डॉक्टरकडे कोण नेते? डबेवाला दारात येतो त्या वेळेला डबा भरून तयार असतो, कारण त्याआधीचे सगळे चढउतार कोणीतरी स्वयंपाकघरात जिरवलेले असतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत, आकडे आले २८९ आणि ८८. दोघांची मिनिटे थोडी कमी झाली, मधले अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. शिवाय ही पाहणी अर्ध्या अर्ध्या तासाच्या खान्यांत काय काय केले ते विचारते. कोणीतरी हाक मारील म्हणून जे काम सुरूच केले नाही, त्याला तिच्यात खाना नाही.